रावजींच्या वहीतली कोरी ओळ

१० नोव्हेंबर, सोमवार

बोलायला शिकवणारी मुलगी येते ना यांच्यासाठी, ती म्हणाली, आजी, आजोबा दिवसभरात काय बोलतात ते रोज लिहून ठेवा, मला उपयोग होईल. मी म्हटलं माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणाली चालेल. नातीने, तनूने, तिची कॉलेजची वही दिली, अर्धी कोरी. म्हणून लिहिते.
आज हे काय बोलले: काही कळलं नाही.
लिहिलं. झालं.

११ नोव्हेंबर

मुलगी म्हणते असं लिहून काय उपयोग. जे कानावर येईल ते लिहा.
येतं ते कानावर, पण डोक्यात जात नाही. अर्धांगाचा झटका आल्याला तीन महिने झाले. उजवी बाजू गेली, त्याचं मी बघते, पुसणं धुणं उठवणं. पण मराठी गेली त्याचं काय बघू. डॉक्टर म्हणाले असं होतं कधी कधी, मागाहून शिकलेलं पुसलं जातं, लहानपणीचं राहतं. एकोणिसाव्या वर्षी मारवाडातून मुंबईत आला हा माणूस. पन्नासच्या वर वर्षं माझ्याशी मराठीत भांडला. नेमकी तीच गेली. आता गावची बोली बोलतात, ती मला ठो कळत नाही.
संडासला झाली का पाणी हवं, हे मी तोंडावरून ओळखते. बाकी राहिलं.

१४ नोव्हेंबर

मुलीने चित्रांचे पत्ते आणले. कप, चमचा, कुत्रा. यांनी सगळ्यांकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. घोड्याचा पत्ता आला तर डाव्या हाताने हिसकावून घेतला. म्हणाले, लाखी.
मुलगी म्हणते लाखी म्हणजे काय. मला काय ठाऊक. घोड्याला लाखी म्हणत असतील तिकडे.
पत्ता परत देईनात. उशीखाली ठेवला.
फिटची गोळी दुपारी एकला, जेवणानंतर. घेतली की तीन तास मेल्यासारखे झोपतात. मला तेवढेच तीन तास.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर रोज चारच्या चहाला तेच तेच म्हणतात, गाण्यासारखं. मला वाटलं आरती. आज खालच्या फरसाणवाल्या भंवरलालला वर बोलावलं, तो तिकडचाच. उभा राहून ऐकलं त्याने आणि चक्क हात जोडले. म्हणाला, "आजी, ठाकूरसाब पिढ्या सांगतात. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप."
सांगितली ती नावं लिहिते. पहिले नाहरसिंह, ज्यांनी नाहरखेड्याचा गढ बांधला. त्यांचे जगमाल, त्यांचे भोजराज. मग बरेच, माझा हात दुखला. शेवटी बखतसिंह, त्यांचे गुमानसिंह, म्हणजे माझा सासरा, मी कधी बघितला नाही. गुमानसिंहांचे सवाईसिंह, हा यांचा थोरला भाऊ, मेला.
तिथे थांबतात. पुढे स्वतःचं नाव यायला हवं ना, दौलतसिंह. ते येत नाही. तिथे थांबून एकच वाक्य विचारतात आणि माझ्याकडे बघत राहतात. रावजी आया कांई.
भंवरलाल म्हणाला, विचारतात, रावजी आले का.
कोण रावजी, तर वही ठेवणारे. प्रत्येक घराण्याचा एक असतो, बापजाद्यांपासून. कोण जन्मला, कोणाशी लग्न झालं, कोण मेलं, सगळं त्याच्या वहीत. वहीत नाही तो माणूस घराण्यात नाही.
मी म्हटलं, मग हे इथे अंथरुणात कोण पडलंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तनूने फोनवर गढ शोधून काढला. हॉटेल झालंय त्याचं. मोठा दरवाजा, आत तलाव आंघोळीचा, गोऱ्या बायका खुर्च्यांवर पालथ्या. एका दालनात भिंतभर झाड रंगवलंय, घराण्याचं. पानापानावर नाव. तनूने मोठं करून दाखवलं. सवाईसिंहांची फांदी भरगच्च, मुलं नातवंडं. शेजारी यांची फांदी. दौलतसिंह लिहिलंय आणि पुढे पान नाही, कळी नाही. काठी नुसती.
माझा मुलगा विजय (यापुढे वि. लिहीन) ऑफिसातून आला, त्यानेही बघितलं. जेवला नाही.
बारा गावं होती म्हणे नाहरखेड्याकडे. मग सात. मग सरकारने जहागिऱ्या काढल्या तेव्हा गढ राहिला नुसता. आता खोल्या भाड्याने. त्यात आपलं पान नाही म्हणून पोटभर भाकरी सोडायची का?
बावन्न वर्षांचा बाप्या तोंड पाडून बसला तर आईने काय बोलायचं.

२२ नोव्हेंबर

वि. चं कळतं मला. लहानपणापासून शाळेत सिंह म्हटलं की पोरं भय्या म्हणायची. हा तावाने सांगायचा आम्ही ठाकूर, आमचा गढ आहे. मग अजून मारायची. माझ्या माहेरच्या लग्नांत त्याला शालूचा, म्हणजे माझा, परदेशी पोरगा म्हणायचे. लग्नाला मुलगी बघताना आठ घरांनी विचारलं, नक्की कुठले तुम्ही. मालवणी बोलतो माझ्यासारखी, आडनाव तिकडचं. ना हा इथला धरला ना तिथला.
आता म्हणतो, रावजीला शोधू. बाबांची इच्छा आहे. बाबांची का तुझी रे, असं विचारणार होते.

२७ नोव्हेंबर

मुलगी म्हणते, आजोबांच्या जुन्या गोष्टी लिहा, त्यावरून शब्द काढता येतील.
जुनं काय, गोरेगावच्या स्टुडिओत मी कपडेपटात इस्त्री करायचे आणि हे घोडे सांभाळायचे. घोड्यावरून पडायचं असलं की हिरोच्या जागी हे पडायचे. मी इस्त्री केलेले राजाचे कपडे घालून दिवसाला चारदा पडलेला माणूस. मला कुणी सांगितलं होतं की हा खरंच कुठल्या गढातला आहे. लग्नानंतर वर्षाने समजलं, तेही भांडणात. मी म्हटलं होतं तुझ्या घरी कोण वाट बघतंय. म्हणाले कुणी नाही, म्हणून तर. मग सांगितलं. चौथा मुलगा. त्याच्यानंतर तो विषय कधी काढला नाही, मीही नाही.
घोड्यांचं मात्र बोलायचे. लाखीचं नाही कधी.

३ डिसेंबर

भंवरलालने गावाकडे फोन लावून रावजींचा पत्ता काढला. जुने रावजी वारले, आता मुलगा वही बघतो. त्याचा यंदा मुंबईचा फेरा आहेच, भाईंदरला, वसईला त्यांची यजमान घरं आहेत, ज्यांच्या वह्या ते ठेवतात ती. आपल्याकडे रविवारी १४ ला.
वि. ने घराला रंग काढायचं म्हटलं. मी म्हटलं आधी बाथरूमचा नळ बघ.

१४ डिसेंबर, रविवार

आले. साठीचे असतील. पांढरा फेटा, गुडघे दुखतात, साखर आहे, चहा बिनसाखरेचा. लिफ्ट बंद, तीन मजले चढून आले, पण वही कुणाच्या हातात दिली नाही. लाल कापडात बांधलेली, हातभर लांब. जमिनीवर ठेवत नाहीत. पाट, पाटावर तांदूळ, त्यावर वही, मग कुंकू, नारळ.
दार मीच उघडलं. वाकून म्हणाले, "खम्मा घणी, ठकुराणीसा." यांच्या डायपरची बादली होती हातात माझ्या.
ह्यांना खुर्चीत बसवलं होतं, वि. ने कुठून तरी फेटा आणून बांधला, वाकडा. रावजी दिसले आणि यांच्या तोंडातून असा आवाज आला, मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. रडले नाहीत. डावा हात वहीवर ठेवला आणि काढेनात. रावजींनी वाट बघितली.
मग वाचलं. वाचतात म्हणजे गातात. सूर्यापासून सुरुवात, आमच्यापर्यंत पोहोचायला तास गेला. भंवरलाल शेजारी बसून मला सांगत होता. कोणत्या लढाईत कोण पडला, कोणाला कुठलं गाव मिळालं, कुणी गहाण टाकलं. हेही सोबत म्हणत होते, एक नाव नाही चुकलं.
मी मध्ये विचारलं, बायका कुठायत? भंवरलाल म्हणाला आहेत की, अमक्या कुळातल्या तमक्यांची मुलगी. म्हटलं तिचं नाव? नाव नाही. बाप लिहायचा, बाईचं नाव लिहायची रीत नाही या वहीत. मग थोड्या वेळाने रावजी म्हणाले, बखतसिंहांची घोडी, लाखी. तिचं नाव आहे. रंग पण आहे.
हे तेवढ्यात हसले, अर्ध्या तोंडाने. एकला जेवले, गोळी घेतली, झोपले.
पुढचं उद्या लिहिते.

१५ डिसेंबर

कालचंच.
हे झोपल्यावर वि. ने विचारलं, आमचं कधी लिहिणार. रावजी म्हणाले पहिल्या बैठकीला वाचन फक्त, लिहायचं ते तिथी बघून दुसऱ्या बैठकीला. आणि एक अडचण आहे. त्यांनी शेवटचं पान काढलं. यांच्या नावापुढे एक ओळ कोरी आणि कडेला त्यांच्या वडलांनी बारीक अक्षरात काही टिपलेलं. वाचून दाखवलं. भंवरलालने मराठीत सांगितलं तसं लिहिते:
दौलतसिंह, मुंबई. मुलगा झाला सांगतात. बाई कोणाची विचारलं, तांडेल गोविंदची म्हणाले (गोविंद म्हणजे माझा बाप). त्या कुळाला वहीत जागा नाही. परमार लिहू, ते राजपूत कूळ, मराठी पवार म्हणजे परमारच, असं सुचवलं. कुंवर (म्हणजे हे) उठून गेले.
घाटकोपरला यांच्या कुणा लांबच्या नातेवाइकाकडे बसले होते म्हणे जुने रावजी तेव्हा. वि. एक वर्षाचा होता.
नवे रावजी वाईट नाहीत. म्हणाले, "मी अडवत नाही माँजी, वही अडवते. आजही तेच लिहिता येईल. परमारांची मुलगी. मग मुलगा लिहिला जाईल, नात खाली लहान अक्षरात." आणि यजमान जिवंत आहे तोवर बाईचं कूळ त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. मुलाने सांगून चालत नाही.
वि. म्हणाला, सांगतील बाबा.
माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी ताटं उचलली.

१६ डिसेंबर

रात्र नाही झोपले. आठवलं.
वि. वर्षाचा होता, हे एका सोमवारी सकाळी घाटकोपरला जातो म्हणून गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. कशाला ते सांगितलं नाही. संध्याकाळी आले तर हातात कागदात दोन बांगडे. म्हणाले, तळ. मी म्हटलं सोमवार आहे, डोकं फिरलं का. खूप भांडले मी. चुलीला हात नाही लावणार म्हटलं. शेवटी स्वतः तळले, करपवले, आणि एकटे बसून खाल्ले. काट्यासकट म्हटलं तरी चालेल.
मला वाटलं कामावरून काढलं असेल. पन्नास वर्षं तेच वाटत होतं.

१९ डिसेंबर

वि. रोज ऑफिसातून आल्यावर तेच. आई, एक शब्द तर आहे. आई, कुणाचं नुकसान आहे का. आई, बाबा रोज रावजी रावजी करतात ते कशासाठी, त्यांना मरायच्या आधी आपण वहीत जायला हवंय.
मी म्हटलं, कशावरून, शिव्या घालायच्या असतील रावजींना.
म्हणाला, तू ना आई.
मग म्हणाला, "तांडेल आजोबा गेले त्याला किती वर्षं झाली. त्यांना काय फरक पडतो?"
मी म्हटलं, "नाहरसिंहाला जाऊन किती झाली रे? त्याला पडतो वाटतं फरक."
दार आपटून गेला. थोड्या वेळाने माझी बीपीची गोळी घेऊन आला, पाणी पण. तसा आहे तो.

२३ डिसेंबर

यांनाच विचारायचं ठरवलं. मराठीत हळूहळू बोलले, समोर बसून. परमार लिहायचं का? मान हलवली, हो. तांडेल लिहायचं का? हो. म्हटलं तुम्ही बाई आहात का? हो.
मान आहे का देवळातली घंटा.
भंवरलालला म्हटलं तू विचार तुमच्या बोलीत. त्याने कान धरले. आम्ही दुकानवाले, ठाकुराला त्याच्या बायकोचं कूळ कसं विचारणार, तो हक्क रावजींचा. वि. नेही त्याला विचारून बघितलं होतं, त्यालाही हेच सांगितलं.
म्हणजे रावजी विचारतील तेव्हाच कळणार. त्या क्षणाला. आणि तोंडातून आलं की शाई.
आज हे काय बोलले: पिढ्या, पूर्ण. मग थांबले. मग रावजी आया कांई. सहा वेळा.

२८ डिसेंबर

तनू केस विंचरायला बसली माझे. म्हणाली, "आजी, तुला काय हवंय पण?"
म्हटलं तुझ्या बापाला हवं ते होऊ दे. म्हणाली ते नाही विचारलं.
म्हणाली माझं नाव तर लहान अक्षरात येणार, मला नाही पडलं.
मी म्हटलं, केस ओढू नको.

२ जानेवारी

माझा बाप. कुणी लिहिणार नाही तर मी लिहिते, तनूचीच वही आहे.
गोविंद सखाराम तांडेल, गाव मालवणच्या पुढे, खाडीकाठी. होडी होती, गेली. मुंबईत गिरणीत साच्यावर. मला चौथीपर्यंत शिकवलं, पुढे आईने बंद केलं. मी यांच्याशी लग्न केलं तर तीन वर्षं बोलला नाही माझ्याशी. मग एक दिवस आला दारात, पिशवीत बांगडे. हे मटण खाणारे, मासा कधी तोंडात घातला नव्हता, काट्याला घाबरायचे. बाप समोर बसला पाटावर आणि म्हणाला, "घाबरू नको, काटो हयसून काढूचो." बोटाने दाखवलं. जावयाच्या ताटातला मासा त्याने स्वतः सोलून दिला, ठाकूर असो कोण असो.
मेला तेव्हा खांदा यांनीच दिला. भाऊ माझा गावी होता.
त्याच्या जागी कोण परमार लिहिणार. तो कोण आहे, कुठे राहतो, त्याने मला चौथीपर्यंत शिकवलं का?
पण वि. चं तोंड बघवत नाही. आणि यांचंही. दोन्हीकडून मीच मध्ये आडवी.

६ जानेवारी

रावजींचा निरोप. रविवारी ११ ला, दुपारी बाराला, तिथी चांगली आहे. त्याच दिवशी दोनच्या गाडीने बोरिवलीहूनच परत गावी. पुढचा फेरा दोन वर्षांनी.
दोन वर्षांनी. डॉक्टरांनी तर सहा महिन्यांचंही काही सांगितलं नाही.
वि. ने धोतरजोडी, शाल, नारळ आणलं. फेटा नीट बांधायला माणूस ठरवला. मला म्हणाला आई, नवीन साडी नेस. म्हटलं वहीत दिसणार आहे का साडी.

९ जानेवारी

वि. रात्री जेवताना म्हणाला, मी तुला कधी काही मागितलं का.
नाही मागितलं. खरंच. कॉलेज स्वतःच्या जोरावर, नोकरी स्वतःच्या.
म्हटलं, माझ्याकडे मागून काय उपयोग, सांगायचं यांनी आहे. मला मध्ये घेऊ नकोस.
तो म्हणाला, तू नाराज दिसलीस तर बाबा नाही म्हणतील. अजूनही तुझ्याकडेच बघतात.
म्हणजे साडी नेसून मी हसायचं पण.

११ जानेवारी, रविवार

नीट लिहिते, सगळं.
सकाळी यांना आंघोळ घातली, दाढी केली. फेटेवाला आला, बांधून गेला. उठून दिसत होते. आरशासमोर धरलं तर डाव्या हाताने मिशी पुसली. मला म्हणाले काहीतरी, बराच वेळ. ऐकलं.
वि. खाली गेला रावजींना आणायला. तनू दिवा लावत होती. मी यांना भात भरवला, लवकर. मग गोळी दिली.
गोळी एकला असते. तेव्हा साडेअकरा वाजले होते. घड्याळ माझ्या डोळ्यासमोर आहे, कॅलेंडरच्या वर. घड्याळ दिसत होतं मला.
रावजी बाराला आले तेव्हा डोळे मिटलेले, फेटा पुढे कलला होता. वि. ने हलवलं, हाका मारल्या, तोंडाला पाणी लावलं. एकदा उघडले, रावजींकडे बघितलं, परत मिटले. रावजींनी पाटावर वही उघडली, लेखणी शाईत बुडवली आणि तशीच धरून बसले. त्यांनी आमच्या यांना त्यांच्या बोलीत तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा फार हळू विचारलं, झोपलेल्या मुलाला विचारावं तसं.
शाई वाळली. पुन्हा बुडवली.
वि. म्हणाला मी सांगतो, परमार, मी लिहून देतो. रावजी नाही म्हणाले. हे आहेत तोवर नाही.
दीडला वही बांधली. यांच्या पायाला हात लावला. मला म्हणाले, जागा सोडली आहे ठकुराणीसा, ओळ कोरी आहे, मी ती दुसऱ्याला देणार नाही. जेवलेही नाहीत नीट. गुडघे धरत तीन मजले उतरले.
वि. ने वर येऊन गोळ्यांची डबी बघितली. रविवारचा दुपारचा खण रिकामा. म्हणाला, "आई, गोळी कधी दिलीस?"
म्हटलं जेवण झालं की देते ना.
त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. अजून बोललेला नाही.
मुद्दाम दिली का? लिहून टाकते, ही वही काही घराण्याची नाही. दिली. आणि ते तांडेल म्हणाले असते तर? तर तसंही कोरीच राहिली असती ओळ, पण ऐकलं असतं सगळ्यांनी, वि. नेही. तेही माझ्यामुळे गेलं. पण परमार म्हणाले असते तर. तेव्हा उठून आला माणूस, आता म्हणाला असता परमार, तर मी कुठे गेले असते या वयात.
भ्याले. एवढंच.

१३ जानेवारी

बोलायला शिकवणारी मुलगी आली. म्हणते आजी वही दाखवा. म्हटलं हरवली.
उशीखालचा घोड्याचा पत्ता तिने मागितला, यांनी नाही दिला.
वि. ऑफिसला जाताना यांच्या पाया पडला. माझ्या नाही. डबा नेला मात्र.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ यांना भरवला, दात नाहीत, चोखत बसले. वि. च्या हातावर ठेवला, घेतला, गोड बोल म्हणायची माझी हिंमत झाली नाही.
चारला चहा. यांनी सुरू केलं. नाहरसिंह, जगमाल, भोजराज. मलाही पाठ झालंय आता, यांच्यासोबत म्हटलं मी. बखतसिंह. गुमानसिंह. सवाईसिंह.
थांबले. माझ्याकडे बघितलं.
रावजी आया कांई.
भंवरलालने शिकवलं होतं उत्तर, कधी लागलं तर म्हणून. आवै है, म्हटलं मी. येतायत.
मान हलवली. परत विचारलं.